सरदार बसले आणि गोल झाला

ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं तेव्हा आमची पलटण एका दिवसात मोडली नाही. ती हळूहळू विरघळली. आधी टोपीवरचं निशाण बदललं, मग हुकमाची भाषा बदलली, मग दिल्लीहून डॉक्टर आले आणि त्यांनी आम्हाला उघडं करून तपासलं. जे पास झाले ते हिंदुस्थानच्या फौजेत जाणार होते. बाकीच्यांनी आपापली सोय बघायची होती.

जयसिंगराव नापास झाला. तो आमचा गोलकीपर. उंच, रुंद, आणि दोन्ही हात इतके लांब की उभ्या उभ्या गुडघा खाजवावा. पण त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट वाकडं होतं. पलटणीसाठीच बॉल अडवताना ते मोडलं होतं आणि हाडवैद्यानं ते आपल्या मनाप्रमाणे बसवलं होतं. नव्या डॉक्टरांनी त्याला बंदुकीचा घोडा ओढून दाखवायला सांगितलं. जयसिंगनं दाखवला, पण दुसऱ्या बोटानं. डॉक्टर म्हणाले, फौजेत हे चालत नाही.

तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा उरल्या. एक म्हणजे त्याच्या बायकोच्या, मंदावहिनींच्या, भावाच्या दुकानात, कोल्हापूरला. तिकडून बोलावणं आलं होतं. पण जयसिंगच्या घराण्यानं दख्खन सोडून चार पिढ्या झाल्या होत्या. तो एकदा लग्नासाठी तिकडे जाऊन आला होता आणि म्हणायचा, "त्यांची मराठी मला निम्मी समजते, आणि माझी ऐकून ते हसतात. गिऱ्हाईक हसत हसत उधार मागेल अन् मी हो म्हणेन." वहिनींनाही जायचं नव्हतं. त्यांचं सगळं लष्कर या आमच्या पेठेत होतं: शेजार, हळदीकुंकू, बाड्याच्या चौकातली भाजी.

दुसरी वाट म्हणजे स्टेशनापलीकडची गिरणी. गिरणीनं फुटबॉलची टीम काढली होती आणि ती गंमत म्हणून काढलेली नव्हती. कानपूरहून इशाक नावाचा फॉरवर्ड पगार देऊन आणला होता. हजेरीपटावर तो विणकाम खात्यात होता, पण त्यानं माग कधी जवळून पाहिला असेल असं वाटत नाही. या टीमची व्यवस्था मुकुंदरावांकडे होती. ते गिरणीत मजुरांकडे बघणारे साहेब, बारीक अंगाचे, चष्म्याच्या वरून बघणारे. त्यांना गोलकीपर हवा होता. जयसिंग त्यांना भेटायला गेला तेव्हा ते म्हणाले की दिवाळीनंतर तुमची आमची मॅच आहेच, त्यात तुझा खेळ बघतो आणि मग ठरवतो.

म्हणजे ज्या टीमनं त्याला नोकरी द्यायची, तिच्याविरुद्धच त्याला खेळायचं होतं. आणि ती आमच्या पलटणीची शेवटची मॅच होती. त्यानंतर आमच्यातले निम्मे पुण्याला आणि निम्मे कुठे कुठे जाणार होते.

मॅचच्या आदल्या संध्याकाळी मधुसूदन मास्तरांच्या ओसरीवर सगळे जमले. मास्तर गोरखी मोहल्ल्यात राहायचे, शाळेत भूगोल शिकवायचे आणि गावातल्या सगळ्या मॅचना रेफरी असायचे. त्यांची पद्धत अशी की मॅचच्या आधी दोन्ही टीमना बोलवायचं आणि सांगायचं, ज्याला जी शंका असेल ती आत्ता विचारा, उद्या मैदानात कोणी तोंड उघडायचं नाही. नियमांचं पुस्तक इंग्रजी होतं. मास्तर त्यातलं एकेक वाक्य वाचून मराठीत आणि गिरणीवाल्यांसाठी हिंदीत सांगायचे. मला तर तेव्हा कुठल्याच भाषेतलं अक्षर येत नव्हतं, त्यामुळे मास्तर जे सांगतील तोच फुटबॉल.

शंकाही एकेक भारी. एकानं विचारलं, बॉल गोलात जाता जाता मध्ये गाय आली आणि तिला लागून आत गेला, तर? मास्तर म्हणाले, गोल नाही, रेफरीनं खेळ थांबवून बॉल पुन्हा टाकायचा. गाय गिरणीची असली तर, असं दुसऱ्यानं विचारलं. मास्तर म्हणाले, तरी नाही. घोरपडे हवालदार आमचे कॅप्टन. त्यांनी विचारलं की खेळाडूचा फेटा सुटला आणि बॉल त्यात गुंडाळला गेला, तर तो हात धरायचा की डोकं? मास्तरांनी पुस्तक चाळलं आणि सांगितलं की ज्यांनी हे लिहिलं त्यांनी फेटा पाहिलेला नाही, तेव्हा उद्या सगळ्यांनी बोडक्यानं खेळावं. इशाकनं विचारलं, बूट घालून खेळणाऱ्यानं अनवाणी माणसाच्या पायावर पाय दिला तर फाउल कुणाचा, आणि आमच्या अनवाणी पायांकडे बघून हसला.

शेवटी जयसिंग बोलला. इतका वेळ तो खांबाला टेकून बसला होता.

"मास्तर, उद्या ज्याची भाकरी खायची, त्याच्याविरुद्ध आज खेळावं का? पुस्तकात काय आहे?"

 मुकुंदराव चष्मा पुसायला लागले. मास्तरांनी पुस्तक मिटलं.

"यात भाकरीचं काही नाही, जयसिंग. यात एवढंच आहे की गोलकीपरनं गोल राखावा."

मुकुंदराव उठता उठता म्हणाले, "आणि तू ढिलाई केलीस तर मला तू नकोस. अशा माणसाला घेऊन मी काय करू?"

सगळ्या शंका विचारून झाल्या असं समजून आम्ही घरी गेलो. जी विचारायची होती ती कोणालाच सुचली नाही.

मॅच कंपू भागातल्या मैदानावर होती. ऊन कोवळं, हवेत गारवा, गजकवाले तिळाची गजक विकत फिरत होते. एका बाजूला कनात बांधून खुर्च्या मांडल्या होत्या. त्यात गिरणीची साहेब मंडळी, वकील, जुने दरबारी अधिकारी, आणि मधोमध एक मोठी खुर्ची रिकामी. ती सरदार महिपतरावांची. एकेकाळी पलटण त्यांच्या हाताखाली होती. आता ते नुसतेच महिपतराव होते, पण हे अजून कोणाच्या तोंडात बसलं नव्हतं.

खुर्चीच्या मागे बिगुल घेऊन सूर्याजी उभा होता. त्याला एकच हुकूम होता आणि तो त्याच्या मिशा काळ्या असल्यापासूनचा होता: मैदानात सरदार खुर्चीवर बसले की सलामी वाजवायची. आणि बिगुलाची सलामी ऐकली की पलटणीतल्या माणसानं जिथे असेल तिथे थांबायचं, सरदारांकडे तोंड करायचं, उजवा हात कपाळाला लावायचा आणि बिगुल संपेपर्यंत हलायचं नाही. हातात घास असला तर घास तसाच. हे आम्हाला शिकवावं लागत नसे. झोपेतसुद्धा आमचा हात वर जायचा.

सरदार नेहमी वेळेवर यायचे. पण त्या वर्षी मोटारीसाठी पेट्रोल मिळेना, म्हणून ते टांग्यानं निघाले आणि इंदरगंजच्या चौकात टांगा अडकला. मास्तरांनी त्यांची वाट बघितली नाही. मॅच सुरू झाली.

आमची मंडळी चांगली खेळत होती. इशाक वाऱ्यासारखा यायचा, पण मी लेफ्ट बॅक आणि घोरपडे सेंटरला, आम्ही दोघं मिळून त्याला बाहेर काढायचो. जो बॉल आमच्या हातून सुटला तो जयसिंगनं घेतला. मुकुंदराव कनातीतून बघत होते आणि त्यांचं डोकं हलत होतं. जयसिंगलाही ते दिसत असावं.

तेवढ्यात इशाक माझ्या बगलेतून निसटला. आता तो आणि जयसिंग दोघंच समोरासमोर. जयसिंग पुढे आला, हात पसरले, आणि नेमके त्याच क्षणी सरदार महिपतराव कनातीत येऊन खुर्चीवर बसले.

बिगुल वाजला.

आम्ही सगळे थांबलो. मी कनातीकडे तोंड केलं, घोरपड्यांनी केलं, जयसिंगनं केलं. हात कपाळाला. मैदानात आमची माणसं जागच्या जागी खांबासारखी उभी. इशाक बिचारा कानपूरचा. त्याला वाटलं की यांना काय झालं. त्यानं मास्तरांकडे पाहिलं, तर मास्तरही शिट्टी तोंडात धरून सलामी देत उभे. ते जन्मभर संस्थानच्या नोकरीत होते, त्यांचाही हात वर गेला होता. इशाकनं क्षणभर विचार केला आणि बॉल गोलात मारला.

बिगुल संपल्यावर आम्ही वळून पाहिलं तर बॉल मागे गजकवाल्याच्या टोपलीशी पडलेला.

मग जे झालं ते ऐकण्यासारखं होतं. घोरपडे म्हणाले, सलामी म्हणजे खेळ बंद, हे पोरालाही माहीत आहे. गिरणीवाले म्हणाले, शिट्टी कुठे वाजली? मास्तरांची पंचाईत वेगळीच होती. ते म्हणाले की नियमाप्रमाणे शिट्टीशिवाय खेळ थांबत नाही, पण माझं तोंड कनातीकडे होतं, मी गोल पाहिलाच नाही. दोन्ही टीमनी एकेक लाइनमन दिला होता. आमचा सलामीत होता. गिरणीचा म्हणाला, बॉल आत गेला. घोरपडे म्हणाले, तो दुसरं काय सांगणार? बॉल दांड्याच्या बाहेरून जाऊनही टोपलीशी पडला असता.

मास्तरांनी इकडे तिकडे बघितलं आणि जयसिंगकडे गेले. रेफरीनं गोलकीपरला विचारावं का, हीही एक शंकाच होती. पण विचारायला दुसरं कोणी नव्हतं.

"जयसिंग, बॉल आत गेला?"

घोरपडे त्याच्याकडे रोखून बघत होते. पलटणीची शेवटची मॅच. आम्ही सगळेच बघत होतो.

"गेला, मास्तर," जयसिंग म्हणाला. "माझ्या डाव्या कानाजवळून गेला. वारा लागला."

मास्तरांनी गोल दिला. घोरपडे जयसिंगशी बोलेनासे झाले. आम्हीही फुगलो. इशाक मात्र त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाईसाहब, आप लोगों का खेल समझ में नहीं आया. पर आदमी आप ठीक हो."

हाफटाइमला पहिलं काम म्हणजे सूर्याजीचा बिगुल बंद करणं. मास्तर त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, बाबा, आता वाजवू नकोस. सूर्याजी म्हणाला, मला हुकूम आहे. कुणाचा? सरदारांचा. मग मास्तर सरदारांकडे गेले. महिपतरावांना झाल्या प्रकारानं फार ओशाळल्यासारखं झालं होतं. पण ते म्हणाले, "मास्तर, हुकूम मी वाचून दाखवला होता, पण काढला होता दरबारनं. जो मी काढला नाही तो मी कसा रद्द करू?" दरबार तर राहिला नव्हता. आता मध्यभारताचं सरकार होतं. त्याची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला, आणि सगळ्या कागदांच्या पेट्या त्या दोन गावांच्या मध्ये रेल्वेत. तिथून हुकूम रद्द होऊन येईपर्यंत मॅच काय, आम्हीच संपलो असतो.

सरदारांनी बराच विचार केला आणि तोड काढली. हुकूम ते बसल्यावर वाजवण्याचा होता. तेव्हा ते बसणारच नाहीत. दुसरा हाफ ते उभ्यानं बघतील.

तोड चांगली होती, पण तिच्यात एक खोट होती आणि ती कनातीत लगेच कळली. सरदार उभे असताना बसायचं कसं? पहिल्या रांगेतले जुने दरबारी अधिकारी उभे राहिले. ते उभे म्हणून वकील उभे राहिले. गिरणीचे साहेब बाहेरगावचे, त्यांना कारण कळेना, पण एकटं बसायची लाज वाटून तेही उठले. पुढचे उभे राहिल्यावर मागच्यांना दिसेना, म्हणून मागचेही उठले. बायकांच्या बाजूला शालिनीताई म्हणून वकिलांच्या पत्नी होत्या, त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, कोणीतरी त्यांना बसवा ना. माझे पाय दुखतात." पण बसवणार कोण? बसवलं की बिगुल.

दुसरा हाफ असा सुरू झाला. भरलेली कनात उभी आणि खुर्च्या रिकाम्या. आम्ही गोल फेडायला जिवापाड धावत होतो, पण गिरणीवाल्यांनी सगळी माणसं मागे आणली होती. आणि इशाकचं लक्ष बॉलवर नव्हतं. पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं नाही. मग पाहिलं तर तो आमच्या गोलच्या आसपास रेंगाळत होता आणि सारखा कनातीकडे बघत होता. तो सरदारांचे गुडघे बघत होता. महिपतरावांना संधिवात होता. कधी ते एका पायावर भार देत, कधी दुसऱ्या. एकदा त्यांनी खुर्चीच्या पाठीला धरलं तर इशाक लगेच बॉलसाठी हाक मारायला लागला.

मी जयसिंगला ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "दिसतंय मला." त्याचा चेहरा उतरला होता. एक गोल असा खाल्ल्यावर मुकुंदराव काय म्हणतील ते उघड होतं. दुसरा खाल्ला तर कोल्हापूर. आणि हात खाली ठेवला तर? पलटणीच्या शेवटच्या दिवशी, सगळ्या गावासमोर, सलामी न देणारा तो पहिला माणूस ठरला असता. त्याच्या आजानं, बापानं जो हात वर केला तो यानं खाली ठेवायचा.

मॅच संपत आली होती. गिरणीच्या कोणीतरी लांबून बॉल टाकला, इशाकनं तो छातीवर घेतला, आणि कनातीत सरदारांचा गुडघा गेला. ते मुद्दाम बसले नाहीत, धपकन खुर्चीत पडले. सगळ्या कनातीनं सुटकेचा निःश्वास सोडला आणि सगळे एकदम बसले. खुर्च्यांचा तो आवाज मैदानभर ऐकू आला. त्यावर बिगुल.

मी थांबलो. हात वर. पण या वेळी मी जिथे थांबलो तिथून कनातीकडे तोंड करूनही गोल डोळ्याच्या कोपऱ्यात येत होता, त्यामुळे मान न वळवता मला दिसलं. मास्तरांनीही या वेळी हुशारी केली होती. ते आधीच अशा जागी उभे होते की सलामीही देता यावी आणि गोलही दिसावा.

जयसिंगचा उजवा हात कपाळाला गेला. वाकडं बोट बाहेर निघालेलं. तो ताठ उभा. इशाकनं डाव्या कोपऱ्यात बॉल मारला, आणि जयसिंगचा डावा हात, जणू दुसऱ्याच माणसाचा असावा तसा, बाजूला गेला आणि त्यानं मूठ मारून बॉल परतवला. उजवा हात कपाळावरून हलला नाही. बॉल पुन्हा इशाककडे आला. त्यानं या वेळी खालून मारला. जयसिंगनं कंबरेपासून वरचं शरीर तसंच सलामीत ठेवलं आणि डावा पाय आडवा घातला. बॉल त्याच्या नडगीला लागून बाहेर गेला. सूर्याजीचा श्वास तेव्हाच संपला. बिगुल थांबला आणि मास्तरांनी मॅच संपल्याची शिट्टी वाजवली.

आम्ही एका गोलानं हरलो. पण ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही, कारण घोरपडे तरातरा गोलकडे निघाले होते.

"सलामीत हललास," ते म्हणाले. "पलटणीत असेपर्यंत तुझ्यावर हा गुन्हा आहे. चल सरदारांपुढे."

जयसिंग निघाला. आम्ही सगळे त्याच्यामागून कनातीत गेलो. मुकुंदरावही उठून जवळ आले. सरदार खुर्चीत गुडघा चोळत बसले होते. घोरपड्यांनी टाच आपटून तक्रार सांगितली: सलामी चालू असताना गोलकीपरनं बॉल अडवला, एकदा हातानं, एकदा पायानं.

"उजवा हात कुठे होता?" सरदारांनी विचारलं.

"कपाळाला होता, सरदार."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

महिपतरावांनी गुडघा चोळायचं थांबवलं. "मग उजवा हात माझा होता आणि तो मला पोचला. डाव्या हाताबद्दल दरबारचा कधीच काही हुकूम नव्हता, घोरपडे. तो ज्याचा त्याचा."

 घोरपड्यांच्या मिशा हलायला लागल्या, आणि ते हसतायत हे कळल्यावर आम्हीही हसलो. त्यांनी जयसिंगच्या पाठीत अशी थाप मारली की गुन्ह्याची शिक्षा त्यातच भागली असावी.

मुकुंदराव चष्म्याच्या वरून जयसिंगकडे बघत होते. "एक विचारतो," ते म्हणाले. "आमच्याकडे सलामी नाही. पण भोंगा आहे. मॅच चालू असताना भोंगा वाजला तर बॉल टाकून घरी जाणार नाहीस ना?"

"भोंग्याला कोणता हात लागतो?" जयसिंगनं विचारलं.

"कोणताच नाही."

"मग दोन्ही बॉलला."

सोमवारपासून तो गिरणीत लागला. विणकाम खात्यात, इशाकच्या शेजारी. मंदावहिनींनी त्या आठवड्यात आम्हा सगळ्यांना पुरणपोळी घातली. इशाकलाही बोलावलं होतं. त्यानं ती गजक समजून मोडून पाहिली आणि मग चार खाल्ल्या.

जयसिंग पुढे बरीच वर्षं खेळला. डाव्या हातानं तो इतका सफाईनं बॉल अडवायचा की बाहेरगावचे त्याला डावखुराच समजायचे. मी फौजेतून परत आलो तोवर मध्यभारतही संपला होता, राजधानी भोपाळला गेली होती आणि कागदांच्या पेट्यासुद्धा तिकडेच. तो सलामीचा हुकूम त्यातल्या कोणत्या तरी पेटीत असेल. माझ्या माहितीप्रमाणे तो अजून कोणी रद्द केलेला नाही. सूर्याजी वारला, बिगुल त्याच्या जावयानं लग्नाच्या बँडला दिला.

महिपतराव मात्र गिरणीच्या मॅचना यायचे. कनात नाही, मोठी खुर्ची नाही, तिकीट काढून बाकावर. मी एकदा त्यांच्या शेजारी होतो. आल्यावर ते काठी टेकून उभेच राहिले. मी म्हणालो, सरदार, बसा ना. त्यांनी हातानंच मला थांब म्हटलं. बॉल जयसिंगच्या गोलजवळ होता. जयसिंगनं तो घेतला, लांब मारला, बॉल पार पलीकडे गेला.

तेव्हा ते बसले. आणि तिकडे गोलमध्ये, आता वेळ मोकळा होता म्हणून, जयसिंगचा उजवा हात वर गेला.